भोक राखणं

सहीआधी रन्वा डॉक्टर एकेक करून सांगत गेली:
रक्त येऊ शकतं. जखम चिघळू शकते.
जठर आणि कातडी यांच्यामध्ये
आतडं येऊन बसलेलं असू शकतं, न कळवता.
नळीच्या कडेनं झिरपू शकतं.
आणि क्वचित, अगदीच क्वचित –
तिथे तिनं पेन टेबलावर आडवं ठेवलं.

चाळीस वर्षं मी वॉवुरच्या धक्क्यावर
जाळी सांधली आहेत.
भोकांबद्दल मला कुणी शिकवायला नको.
तरी विचारलंच: धड होडीला
आपण होऊन भोक का पाडायचं?
ती म्हणाली, होडी उपाशी आहे म्हणून.

ट्रोंडुर गप्प होता. झटका आल्यापासून
शब्द आणि घास दोन्ही त्याच्या गळ्यात वाट चुकत.
सत्तावीस वर्षं फेरीबोटीवर स्वयंपाकी,
भर लाटेत ज्याचं सूप पातेल्याबाहेर आलं नाही
त्याला चमचाभर पाण्याचा ठसका लागायचा,
आणि दोन दिवसांनी त्या चमच्याचा ताप.

तोरशाव्नला नेलं. दाराच्या काचेतून मी पाहिलं.
त्यांनी खोलीतले दिवे मालवले.
तोंडातून सोडलेल्या कॅमेऱ्याचा उजेड
पोटाच्या कातडीतून वर आला, तांबूस,
दाट धुक्यात समोरच्या बोटीचा कंदील दिसावा तसा.
रन्वानं त्यावर बोट दाबलं.
पडद्यावर जठराची भिंत आतून वाकली.
उजेड वर आला नसता
तर सुई घातलीच नसती, ती नंतर म्हणाली.

मग घर. सुम्बा. आधी काही दिवस हात लावायचा नाही,
मग रोज सकाळी नळी थोडी आत सरकवायची,
गोल फिरवायची, परत जागेवर आणायची.
नाहीतर आतली चकती भिंतीत रुतते
आणि शरीर तिच्यावर मुकाट्यानं नवं कातडं ओढतं.
बाहेरची चकती फार आवळायची नाही,
खाली एखादं नाणं सरकलं पाहिजे.
मी फिरवते, तो हवामानाच्या बातम्यांसाठी
रेडिओचं बटण फिरवायचा तशी.
कडेला एकदा लाल मांस फुगलं, एकदा पू आला.
दोन्ही वेळा मी घाबरले, दोन्ही वेळा बरं झालं.

चौथ्या महिन्यात, वाऱ्यानं छपराचे पत्रे ओरडत होते त्या रात्री,
त्यानं कूस बदलली आणि नळी उशीजवळ आली.
ओला शर्ट. आणि ते एवढंसं तोंड,
कुणी काही बोलेल म्हणून उघडं.
ट्वरोयरीचा रस्ता दरडीनं अडवलेला.
फोनवर मार्युन नर्स, आवाज येतो-जातो:
काही तासांत बुजेल ते.
फ्रीजवरच्या डब्यातली जादा नळी घे.
जेल लाव. जोर करू नकोस. अडलं तर थांब.
गेली तर चिकटपट्टीनं धर, आणि ऐक,
आम्ही तपासेपर्यंत तिच्यातून
पाण्याचा थेंबही सोडू नकोस. ती कुठे गेलीय
हे तुला बाहेरून कळणार नाही.

गेली. माझे हात थरथरले नाहीत,
त्यांना दोऱ्याची सवय आहे.
त्याच्या पोटात भूक गुरगुरत होती,
शेजारी दुधाची पिशवी भरलेली, आणि मी देत नव्हते.
भोकं बुजवण्यात हयात गेली माझी.
त्या रात्री पहिल्यांदा एक भोक
बुजू नये म्हणून जागी राहिले.

दुपारी रस्ता मोकळा झाला. नळीतून रंग सोडून
त्यांनी फोटो काढला. रंग जिथे पसरायला हवा
तिथेच पसरला होता.
तरुण डॉक्टर म्हणाला, ठीक आहे, सुरू करा.

पांढरं दूध थेंब थेंब उतरायला लागलं.
ट्रोंडुरनं डोळे उघडले, पिशवीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे, आणि अंगठा-तर्जनी
एकमेकांवर घासली.
मीठ, तो विचारत होता.
घातलंस का?